कापसातला पांढरा खडा

(धडगाव येथे नवसाक्षर प्रौढांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत तो ऐकून काही बाया तोंडाला पदर लावतील. काही पुरुष म्हणतील, हे बायांचं आहे, आपलं इथं काय काम? पण कोणी उठू नका. हा विषय पुरुषांनीही ऐकायचा आहे. का, ते शेवटी तुमच्या लक्षात येईल.

विषय आहे स्तनाचा कॅन्सर. आम्ही डॉक्टर नाही. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेले एक साधे मास्तर आहोत. या अक्राणीच्या डोंगरात शाळा चालवता चालवता आमचे केस पिकले. पण मास्तराला एक सवय असते. जे कळत नाही ते विचारायचं, वाचायचं, आणि समजलं की दुसऱ्याला सांगायचं. ते आम्ही आज करतो.

आधी घरची गोष्ट सांगतो.

आमची धाकटी बहीण खाली शहाद्याकडच्या एका गावी दिली होती. शाळेचं तोंड तिने पाहिलं नाही. आम्ही मास्तर झालो, आणि बहीण अंगठेबहाद्दर राहिली. दहा-बारा वर्षांपूर्वी तिच्या गावाजवळ तपासणीचं शिबिर झालं. तिचं वय तेव्हा शेहेचाळीस. बायांना गाडीत बसवून शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. तिथं यंत्रावर स्तनाचा फोटो काढला. या फोटोला मॅमोग्राफी म्हणतात. फोटो पाहून तिथला माणूस म्हणाला, "काही दिसत नाही." हातात एक इंग्रजी कागद दिला. बहीण आनंदाने घरी आली. कागद घडी करून ट्रंकेत ठेवला.

नऊ महिन्यांनी बगलेत गाठ आली, तेव्हा तिने वहिनीला सांगितलं. वहिनीने आम्हाला सांगितलं. आम्ही तो कागद मागून घेतला आणि वाचला. त्यात लिहिलं होतं, "स्तन दाट आहेत. दाटपणामुळे गाठ झाकली जाऊ शकते. सोनोग्राफी करून घ्यावी."

म्हणजे "काही दिसत नाही" याचा अर्थ "काही नाही" असा नव्हता. "आम्हाला नीट दिसलं नाही, आणखी तपासा," असा होता. दोन्ही वाक्यांत किती अंतर आहे पाहा! त्या अंतरात आमची बहीण गेली. ऑपरेशन झालं, औषधं झाली. अडीच वर्षं काढली तिने.

आम्ही तिला एकदा विचारलं, "बाई, कागद मला का नाही दाखवला? मी वाचला असता." ती म्हणाली, "दादा, असला कागद भावाला कसा दाखवायचा? मला वाचता आला असता तर कुणाला दाखवायलाच नको होता."

तिचं हे उत्तर आम्ही विसरलो नाही. म्हणून आज तुमच्यापुढे उभे आहोत.

दाट म्हणजे काय?

बाईच्या स्तनात तीन गोष्टी असतात. दूध तयार करणाऱ्या ग्रंथी आणि दूध वाहून नेणाऱ्या नळ्या, त्यांना धरून ठेवणारे तंतू, आणि चरबी. कोणाच्या अंगात चरबी जास्त, कोणाच्या ग्रंथी आणि तंतू जास्त. ज्या बाईच्या ग्रंथी व तंतू जास्त, तिचे स्तन दाट असे डॉक्टर म्हणतात.

आता यंत्राचा फोटो कसा दिसतो ते पाहू. चरबी फोटोत काळपट दिसते. ग्रंथी आणि तंतू पांढरे दिसतात. आणि कॅन्सरची गाठही पांढरीच दिसते. इथंच घोटाळा होतो.

काळ्या रानात कापसाचं एक बोंड पडलं तर बांधावरून दिसतं. पण कापसाच्या ढिगात एक पांढरा खडा पडला, तर डोळे फाडून पाहिलं तरी सापडत नाही. दाट स्तनाचा फोटो म्हणजे कापसाचा ढीग. गाठ म्हणजे त्यातला पांढरा खडा. खडा नाही असं नाही. तो झाकला जातो.

एक गैरसमज काढून टाका. हाताला घट्ट लागलं म्हणजे दाट, आणि मऊ लागलं म्हणजे दाट नाही, असं नसतं. दाटपणा हाताला कळत नाही. तो फोटोतच कळतो. दाट असणं हा रोगही नाही. अमेरिकेत चाळिशी ओलांडलेल्या जवळजवळ निम्म्या बायांचे स्तन दाट निघतात. मात्र दोन गोष्टी खऱ्या आहेत. एक, दाट स्तनात गाठ लपते. दुसरी, फार दाट स्तन असलेल्या बाईला कॅन्सरचा धोका थोडा जास्त असतो.

तरुणपणी दाटपणा जास्त असतो. पाळी गेल्यावर बहुतेकींचा कमी होतो. अंगाने सडपातळ बाईचा जास्त, भरलेल्या बाईचा कमी. मुलं झाली की कमी होतो. काही आईकडून मुलीकडेही येतो.

काळ्या, गोऱ्या आणि आपण

अमेरिकेत अनेक देशांतून आलेले लोक राहतात. तिथं वेगवेगळ्या वंशांच्या बायांचे फोटो लावून पाहिले. तेव्हा दिसलं की आशियातून आलेल्या बायांचे स्तन गोऱ्या बायांपेक्षा प्रमाणाने जास्त दाट असतात. आता तुम्ही म्हणाल, दाटपणाने धोका वाढतो, तर मग आशियाई बायांना कॅन्सर जास्त होत असेल. तसं नाही. त्यांना तो गोऱ्या बायांपेक्षा कमी होतो! त्यांच्या स्तनात चरबी कमी असते, म्हणून प्रमाणात दाट भाग मोठा दिसतो, हे याचं एक कारण. म्हणजे एका वंशाच्या बायांवरून काढलेला हिशेब दुसऱ्यांना जसाच्या तसा लावता येत नाही.

दुसरी गंमत ऐका. पूर्वेकडच्या देशांतून अमेरिकेत जाऊन राहिलेल्या घराण्यांत हळूहळू, पिढी दर पिढी, हा रोग वाढत गेला. रक्त तेच. बदललं ते राहणं, खाणं, मुलं किती व केव्हा होतात, अंगावर किती दिवस पाजतात, हे सगळं.

आणि तिथल्या काळ्या बायांचं काय? त्यांना हा रोग गोऱ्या बायांपेक्षा किंचित कमी होतो. पण त्या रोगाने मरण्याचं प्रमाण त्यांच्यात सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे. काही अंशी कारण असं की त्यांच्यात एक जोरकस जातीचा कॅन्सर जास्त आढळतो. पण मोठं कारण दुसरंच आहे. तपासणी उशिरा, निदान उशिरा, औषध उशिरा. गरिबीमुळे आणि दुजाभावामुळे त्यांना दवाखाना लांब पडतो. धडगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आपल्या महाराष्ट्रातलाच दाखला घ्या. मुंबईत १९६३ साली कॅन्सरच्या रोग्यांची नोंदवही सुरू झाली. देशातली ती अशी पहिली नोंदवही. त्यात दिसलं की एकाच मुंबई शहरात राहणाऱ्या पारशी बायांना स्तनाचा कॅन्सर इतर समाजांच्या बायांपेक्षा जास्त होतो. त्यांच्यात लग्नं उशिरा होतात, मुलं थोडी होतात. या रोगात या गोष्टींचा संबंध असतो.

पुढे १९८७ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीला नोंदवही सुरू झाली. ती खेड्यांसाठी होती. बार्शी, आणि शेजारचे परांडा व भूम हे तालुके तिच्यात घेतले. खेड्यात कागदपत्रं कुठली? म्हणून नोंदणारी माणसं गावोगाव फिरली. लोकांशी बोलली, रोगाच्या खुणा समजावून सांगितल्या, संशय आला त्यांना दवाखान्यात पाठवलं. तिथं दोन गोष्टी दिसल्या. खेड्यातल्या बायांना स्तनाचा कॅन्सर शहरापेक्षा कमी होतो. आणि नुसतं समजावून सांगितल्यानेही फरक पडतो. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झालेल्या बाया तिथं पूर्वीपेक्षा लवकर दवाखान्यात येऊ लागल्या.

पण "खेड्यात कमी" हे ऐकून निर्धास्त होऊ नका. कमी म्हणजे मुळीच नाही असं नव्हे. २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशात एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायांना हा रोग नव्याने झाला, आणि सुमारे ९८ हजार बाया त्याने गेल्या. दोन नवे रोगी तर एक मरण, असा हा हिशेब पडतो. श्रीमंत देशांत इतकं मरण नाही. कारण आपल्याकडे बाई दवाखान्यात येते तेव्हा गाठ फार वाढलेली असते.

मग यंत्र कशाला नाही?

तुम्ही विचाराल, मास्तर, मग प्रत्येक तालुक्याला फोटोचं यंत्र का देत नाहीत? प्रश्न बरोबर आहे. इंग्लंडमध्ये १९८८ पासून पन्नाशीच्या पुढच्या बायांना दर तीन वर्षांनी सरकार फोटोसाठी बोलावतं. आपल्याकडे दोन अडचणी आहेत. एक, यंत्र महाग, आणि फोटो वाचणारे जाणते डॉक्टर थोडे. दुसरी, आपल्याकडे हा रोग झालेल्या बायांचं सरासरी वय पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी असतं. आपल्या देशात तरुण बायाच संख्येने जास्त आहेत, हेही त्याचं एक कारण. तरुण बाई म्हणजे दाट स्तन. दाट स्तन म्हणजे कापसाचा ढीग.

म्हणून मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी वेगळा विचार केला. हे रुग्णालय १९४१ साली परळला सुरू झालं. १९९८ साली, म्हणजे ज्या वर्षी आपला नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला त्याच वर्षी, त्यांनी मुंबईच्या गरीब वस्त्यांत एक मोठा प्रयोग सुरू केला. ३५ ते ६४ वर्षांच्या १ लाख ५१ हजारांवर बाया त्यात होत्या. वस्त्यांचे २० भाग पाडले. निम्म्या भागांत दर दोन वर्षांनी बायांची हाताने तपासणी केली. निम्म्या भागांत फक्त माहिती सांगितली. मग वीस वर्षं वाट पाहिली.

आणि तपासणी कोणी केली? डॉक्टरांनी नाही. दहावीपर्यंत शिकलेल्या बायांनी! त्यांना शिक्षण देऊन तयार केलं होतं. त्यांच्याकडे यंत्र नव्हतं, वीज लागत नव्हती. बोटांची जाण आणि मनाची चिकाटी, एवढीच हत्यारं.

२०२१ साली निकाल जाहीर झाला. जिथं तपासणी झाली तिथं रोग लवकर सापडला. ज्यांना कॅन्सर निघाला, त्यांतल्या शंभरात ३७ जणींचा रोग फार पुढे गेलेला होता. जिथं तपासणी झाली नाही तिथं शंभरात ४७ जणींचा. पन्नाशीच्या पुढच्या बायांत या रोगाने होणारी मरणं जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाली.

आम्ही तुमच्यापासून काही लपवणार नाही. पन्नाशीच्या आतल्या बायांत मरणं कमी झाल्याचं या प्रयोगात सिद्ध झालं नाही. म्हणजे हाताची तपासणी ही जादू नाही. पण पन्नाशी ओलांडलेल्या आया, मावश्या, आज्या यांच्यासाठी ती खात्रीने मोलाची आहे. आणि त्याच बाया म्हणतात, "आता माझं काय राहिलं? मला काय तपासता?" आजीबाई, तुमचंच तपासायचं आहे!

एक शिकलेली बाई, एक न शिकलेली

आता पुन्हा त्या कागदाकडे येऊ. आम्हाला वाटत होतं, आमची बहीण अडाणी म्हणून फसली. पण नंतर आम्ही एका अमेरिकन बाईची हकीकत वाचली. तिचं नाव नॅन्सी कपेलो. शिक्षणाच्या क्षेत्रातली, मोठ्या पदवीची बाई. दर वर्षी न चुकता फोटो काढायची. दर वर्षी उत्तर यायचं, सगळं ठीक. २००४ साली, फोटो स्वच्छ असल्याचं कळून फार दिवस झाले नव्हते, तोच तिला कॅन्सर निघाला, आणि तोही बगलेपर्यंत पोचलेला. तिने विचारलं, आधी का दिसला नाही? उत्तर मिळालं, तुमचे स्तन दाट आहेत. तिने विचारलं, मग हे मला आधी का सांगितलं नाही?

या एका प्रश्नावर ती बाई उभी राहिली. २००९ साली तिच्या कनेक्टिकट राज्यात कायदा झाला की दाटपणा बाईला कळवलाच पाहिजे. २०१८ साली ती वारली. पण तिचं काम थांबलं नाही. १० सप्टेंबर २०२४ पासून साऱ्या अमेरिकेत नियम लागू झाला. फोटो काढणाऱ्या प्रत्येक ठिकाणी बाईला तिचे स्तन दाट आहेत की नाहीत हे साध्या, समजेल अशा भाषेत लिहून द्यायचं.

एक बाई मोठी पदवीधर, एक बाई अंगठेबहाद्दर. दोघींचं एकच झालं. कारण दोघींना कोणी समजेल अशा शब्दांत सांगितलं नव्हतं. वाचता येणं फार मोठं आहे. पण तेवढ्याने भागत नाही. विचारताही आलं पाहिजे. म्हणून दवाखान्यातून कागद मिळाला की तिथून हलण्याआधी तीन प्रश्न विचारा. "यात काय लिहिलं आहे ते मराठीत सांगा." "सगळं नीट दिसलं का, की काही झाकलेलं आहे?" "आता मी पुढे काय करायचं आणि केव्हा यायचं?" हे विचारायला पदवी लागत नाही.

आपण काय करायचं?

सरकारने २०१६ साली ठरवलेल्या पद्धतीप्रमाणे ३० ते ६५ वर्षांच्या बायांची स्तनाची हाताने तपासणी करायची असते. तिच्या जोडीला तोंडाची आणि गर्भाशयाच्या तोंडाचीही तपासणी असते. आशाताई घरी येऊन कागद भरते, नाव घेते, तेव्हा "आज नाही, उद्या" म्हणू नका. ऊसतोडीला गुजरातेत जाण्याआधी तपासून घ्या. होळीला परत आल्यावर गाठ दाखवू म्हणाल, तर तोवर फार उशीर होईल.

स्वतःच्या अंगाची ओळख ठेवा. या खुणा दिसल्या तर दवाखाना गाठा. स्तनात किंवा बगलेत न दुखणारी गाठ. कातडी आत ओढली जाणं किंवा संत्र्याच्या सालीसारखी होणं. बोंडी नव्याने आत जाणं. बोंडीतून रक्ताचं पाणी येणं. न भरणारी जखम. गाठ दुखत नाही म्हणून गप्प बसू नका. कॅन्सरची गाठ पुष्कळदा सुरुवातीला दुखत नाही.

उगाच घाबरूही नका. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण कोणती कशाची हे हात लावून किंवा अंदाजाने ठरवायचं नाही. सोनोग्राफी, फोटो, आणि सुईने घेतलेल्या तुकड्याची तपासणी, यांनीच ते ठरतं. सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही भीती खोटी आहे.

हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बाईच्या ताटात जेवल्याने, तिच्या मुलाने अंगावर पिण्याने तो पसरत नाही. आणि तो कुणाच्या नजरेने होत नाही. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला डाकीण ठरवून तिच्यावर हा आळ घालू नका. त्याने रोगी बरा होत नाही. उलट एका बाईच्या जागी दोन बायांचा जीव धोक्यात येतो. नवस करा, बडव्याकडे जा, आम्ही अडवत नाही. पण दवाखाना आधी.

जायचं कुठं? पहिली पायरी गावचं उपकेंद्र, मग धडगावचं ग्रामीण रुग्णालय, मग नंदुरबारचं सरकारी रुग्णालय. तिथं २०२० साली वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. खर्चाची भीती वाटते, ती आम्ही जाणतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर ठेवा, आणि रुग्णालयात योजनेचा माणूस कुठे बसतो ते विचारा.

आता पुरुष मंडळींसाठी दोन शब्द. तुम्हाला का बसवून ठेवलं ते सांगतो. चांदसैलीचा घाट बाई एकटी उतरत नाही. गाडीचं भाडं तुमच्या खिशात असतं. मजुरी बुडवायची की नाही हे तुम्ही ठरवता. अंबाड्या, आमचूर, मका विकून आलेले पैसे कशाला लावायचे हेही तुम्हीच ठरवता. बायकोने, आईने, बहिणीने अर्धं वाक्य बोललं तर उरलेलं अर्धं तुम्ही समजून घ्या. आम्ही समजून घेतलं नाही. शिबिराला जाऊन आलेल्या बहिणीला आम्ही एवढंच विचारलं होतं, "सगळं ठीक ना?" ती म्हणाली, "ठीक." आणि आम्ही पुढचं बोलणं पावसावर नेलं. "कागद दिला का? आण पाहू," एवढे शब्द आमच्या तोंडून निघायला हवे होते.

भगिनींनो, तुम्ही या वर्गात येता, कंदिलाच्या उजेडात असो की दिव्याच्या, अक्षरं गिरवता. कुणी हसत असेल, म्हातारपणी कशाला ही पाटी? त्याला सांगा, घरच्या ट्रंकेत एक कागद आहे, तो मला वाचायचा आहे. आज घरी गेल्यावर ती ट्रंक उघडा. दवाखान्याचा जुना कागद सापडला तर उद्या वर्गात घेऊन या. आपण मिळून वाचू. लाज वाटली तर वर्गाच्या बाईंकडे द्या. पण घडी करून परत ठेवू नका.

 

वर्गात बोला

१. "काही दिसत नाही" आणि "काही नाही" या दोन वाक्यांत फरक काय?
२. कापसाच्या ढिगात पांढरा खडा का सापडत नाही?
३. दवाखान्यात विचारायचे तीन प्रश्न कोणते? पाटीवर लिहा.
४. तुमच्या घरात पन्नाशीच्या पुढच्या बाया किती? त्यांची तपासणी केव्हा झाली?